ठमाईचं खापर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा घाटाला गाडीवाट नव्हती आणि काडेपेटी डोंगर चढून वर आलेली नव्हती. चकमक झाडून विस्तव पाडणं जिकिरीचं, म्हणून एकदा चूल पेटली की तिचा विस्तव जपायचा. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकर घालून जागे करायचे. ज्या घरातला विस्तव विझला, त्या घरातलं कुणीतरी फुटक्या मडक्याचं खापर हातात घेऊन शेजारी जायचं आणि खापरभर निखारे मागून आणायचं.

त्या काळी आंबेघोळ गावात ठमाई नावाची कुंभारीण राहायची. गावातल्या सगळ्या चुली तिच्या हातच्या. तिनं घातलेल्या चुलीचा धूर कधी डोळ्यांत जात नसे, असं म्हणतात. तिची स्वतःची चूल तर तिच्या सासूच्या सासूपासून विझलेली नव्हती. भट्टीही त्याच विस्तवानं पेटायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बहिणीचा एक मुलगा होता, त्याच्यावरच तिचा जीव.

एका वर्षी तापाची साथ आली. बहीण गेली, पाठोपाठ तिचा नवरा गेला. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा. घरात भात होता, गोठ्यात बैल होते, छप्पर धड होतं. गाव म्हणालं, पोराला काही कमी नाही. ठमाईलाही तसंच वाटलं. पण त्या पोराला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यानं पेरणीचं भातही कांडून खाल्लं. बैल कुणाच्या तरी गोड बोलण्याला भुलून देऊन टाकले. छप्पर गळायला लागलं तसा तो कोरडा कोपरा शोधत फिरला. आणि एका पहाटे दार उघडं टाकून गाव सोडून गेला, तो पुन्हा दिसला नाही. शेजारच्या घरांत तेव्हा कणग्या भरलेल्या होत्या. त्यानं कुणाला एक शब्दही विचारला नव्हता.

ठमाई पुष्कळ दिवस चाकाला बसली नाही. मग एक दिवस देवळापुढं सगळे जमलेले असताना ती म्हणाली, "आपण पोरांना नुसतं वाढवतो. मोठं कुणी करत नाही."

गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं तिनं एक झोपडी उभी केली. आत एक चूल घातली. आणि नेम घातला, की भाताची लावणी आटोपली की जाणत्या वयाच्या एकेका मुलानं, एकेका मुलीनं त्या झोपडीत काही दिवस एकट्यानं राहायचं. आपलं आपण रांधायचं. छप्पर शाकारायचं. धान्य पुरवून खायचं. मीठवाला बैल घेऊन आला की त्याच्याशी घासाघीस करायची. कुणाची म्हातारी आजारी पडली तर तिच्या उशाशी बसायचं. आईनं डबा न्यायचा नाही, बापानं कुऱ्हाड उचलायची नाही. ठमाई मात्र कधीही यायची, पण पाहुणी म्हणून. मदतीला नाही.

पाट मांडून बसायची आणि पहिला घास घेऊन म्हणायची, "मीठ घातलंस का रे, का मीठवाल्यालाच घातलंस भातात?"

पोरं लाजायची, हसायची, दुसऱ्या दिवशी बेतानं मीठ घालायची.

झोपडीत पाऊल टाकताना ठमाई प्रत्येकाच्या हातात आपल्या अंगणातलं एक खापर द्यायची आणि म्हणायची, "विस्तव जपा. आणि हे जवळ असू दे." यापेक्षा जास्त काही बोलायची नाही. तिला वाटायचं, खापर कशासाठी असतं हे काय सांगायचं?

पण गावानं तिचं अर्धंच ऐकलं. विस्तव जपा, एवढंच. हळूहळू समज असा झाला, की ज्याचा विस्तव विझला नाही तो खरा माणूस झाला. आया पाणवठ्यावर सांगायच्या, "माझ्या पोराचा विस्तव एकदासुद्धा गेला नाही हो." बायजा नावाची एक तोंडाळ बाई होती. झोपडीला सगळ्यांत जवळचं घर तिचंच. ती तर कळशी भरेपर्यंत आपल्या गणूचं कौतुक पुरवायची. आणि पोरांच्या खापरात कुणी मीठ ठेवी, कुणी मांजराला दूध घाली.

अशीच वर्षं गेली आणि सगुणेच्या हैबतीची पाळी आली.

हैबती अंगानं दांडगा, कामाला वाघ, पण बोलायला मुखदुर्बळ. चार माणसांत गेला की त्याची मान खाली जायची. झोपडीत मात्र त्याचं सगळं बेतशीर होतं. ठमाई एकदा जेवून आली आणि वाटेत सगुणेला म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरी भाकरी थापतो गं."

"माझ्यापेक्षा तर मांजरही बरी थापतं," सगुणा म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला.

मग श्रावणात पावसानं असा जोर धरला की समोरचा डोंगर दिसेनासा झाला. ठमाईची सवय होती, सकाळी उठलं की अंगणातून झोपडीवरचा धूर बघायचा. एका सकाळी धूर नव्हता. तिला वाटलं, उशिरा उठला असेल. दुसऱ्या सकाळीही धूर नव्हता.

सगुणा इरलं घेऊन धावत आली. "ठमाई, धूर नाही गं झोपडीवर. मी जाऊ का? हे म्हणतात जाऊ नको, पोराची लाज जाईल."

"थांब," ठमाई म्हणाली. "मी बघते."

ती भिजत झोपडीपाशी गेली. दार लावलेलं होतं. तिनं बाहेरूनच हाक मारली, "हैबती, जेवलास का रे?"

"हो, जेवलो."

"काय जेवलास?"

"भात."

"गरम?"

आतून आवाज आला, "गरम." त्या एका शब्दात त्याचे दात दोनदा वाजले.

ठमाईचा हात दारावर गेला. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. घरून निखारे आणून चूल पेटवली असती, तर पोरगं उबेला लागलं असतं. पण तिला हैबती ठाऊक होता. आज तो शेकेल, पण लाजेनं गाव सोडेल, आणि उद्या सकाळी हे दार उघडं पडलेलं असेल. बहिणीच्या घराचं पडलं होतं तसंच. आणि नाही ढकललं, तर या गारठ्यात पोर हातचं जाईल.

ती मागं फिरली. अंगणात आली. तिथं भिंतीला लागून फुटक्या मडक्यांचा ढीग होता, पावसात भिजत पडलेला. त्या ढिगाकडं बघता बघता ती तशीच उभी राहिली. तिनं पोरांना रांधायला शिकवलं, शाकारायला शिकवलं, भाव करायला शिकवलं. ज्या एका गोष्टीनं बहिणीचं पोर वाचलं असतं, तेवढी तिनं कुणालाच शिकवली नव्हती. नुसतं खापर हातात देऊन ती गप्प बसली होती.

ठमाई घरात गेली. तिनं हंडा उचलला आणि आपल्या चुलीत ओतला.

सासूच्या सासूपासूनचा विस्तव तो. विझताना त्याचा असा आवाज झाला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली, आणि वाफेचा लोट घराबाहेर पडून डोंगरावरच्या धुक्याला जाऊन मिळाला, असं म्हणतात. श्रावणात त्या डोंगरावर अजून पांढरा पट्टा दिसतो, तो तोच.

मग तिनं ढिगातलं एक खापर घेतलं आणि पुन्हा झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हैबती, माझा विस्तव गेला रे. खापरभर देतोस?"

पाऊस तेवढा वाजत होता. ठमाईनं पुन्हा हाक मारली नाही. ती नुसती उभी राहिली.

"ठमाई," शेवटी आतून आवाज आला, "माझा पण गेलाय."

"कधी?"

"परवा. चुलीवरच गळलं छप्पर. चकमकीचा कापूस पण भिजला."

"मग आता कसं करायचं रे? मला तर थंडी वाजते."

हैबतीनं दार उघडलं. ओठ निळे पडलेले, अंग तापलेलं. त्यानं ठमाईच्या हातातल्या रिकाम्या खापराकडं पाहिलं. ठमाईचा विस्तव जातो, हे त्याला खरं वाटेना.

"मागून आणायला हवा," ठमाई म्हणाली. "पण आजवर कधी मागितला नाही बघ मी. एकटीला लाज वाटते. येतोस संगतीला?"

ही तेवढी तिच्या मनातली खरी गोष्ट होती. तिला खरोखरच लाज वाटत होती.

हैबती आत गेला आणि कोपऱ्यातलं आपलं खापर घेऊन आला. त्यातली ओली चकमक त्यानं काढून ठेवली. दोघं एकाच इरल्याखालून बायजाच्या दाराशी गेली. ठमाईनं त्याला हळूच कोपरानं ढोसलं. हैबतीची मान खाली होती, पण तो बोलला.

"बायजाकाकू, विस्तव आहे?"

बायजा बाहेर आली आणि दोन खापरं बघून तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! ठमाईचा विस्तव गेला? उद्या सूर्य पण येईल गं माझ्याकडं, उजेड संपला म्हणून!"

"येईल तेव्हा दे त्यालाही," ठमाई म्हणाली. "आधी या पोराला दे."

बायजानं हैबतीकडं नीट पाहिलं आणि तिची थट्टा तिथंच थांबली. "आहे की रे बाळा. बस जरा. शेकून जा," ती म्हणाली. तिनं त्याला चुलीपाशी बसवलं, अंगावर घोंगडी टाकली, गरम पेज दिली. आणि निखारे खापरात घालता घालता स्वतःशीच पुटपुटावं तशी म्हणाली, "एवढा कुढत बसलास होय? अरे, आमच्या गणूचा चारदा गेला होता. मागच्या दारानं येऊन न्यायचा मेला."

ठमाई वळली. "तू तर पाणवठ्यावर सांगत फिरायचीस."

"मग काय सांगू? सगळ्याच सांगायच्या. आणि सगळ्यांचीच पोरं मागच्या दारानं यायची. माझं परसदार झोपडीला जवळ ना! माझा अर्धा विस्तव तुझ्या झोपडीनं खाल्लाय, ठमाई."

घोंगडीतून आधी खोकला ऐकू आला, मग हसू. हैबतीला कुणी मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. आख्ख्या गावात हे एकच पोर असं होतं की ज्यानं ती बढाई खरी मानली होती.

ती दोघं निखारे घेऊन निघाली तेव्हा पाऊस मुसळधार होता. पण दोन्ही खापरांवर एक थेंब पडला नाही, पाऊस वाट सोडून बाजूनं पडत राहिला, असं म्हणतात. आधी छपराची गळती बुजवून दोघांनी दोन्ही खापरांतल्या निखाऱ्यांवर झोपडीची चूल पेटवली, आणि तिच्यातला विस्तव हैबतीनं ठमाईच्या घरी पोचवला. ठिकठिकाणी दारात उभ्या राहून बायका बघत होत्या. सगुणा रडत होती. तिच्या नवऱ्यानं मात्र पुढं होऊन मुलाच्या डोक्यावर इरलं धरलं.

त्या दिवसापासून ठमाईनं नेम बदलला. झोपडीत येणाऱ्याच्या हातात ती खापर द्यायची आणि स्पष्ट सांगायची, "विस्तव जपायचा. गेला तर मागायचा. उजेडी मागायचा आणि पुढच्या दारानं मागायचा." आणि गावाला सांगायची, "देणाऱ्यानं तो कसा गेला हे विचारायचं नाही."

ठमाई खूप जगली. एका पहाटे लोक तिच्या घरी गेले तर चूल पेटलेली होती, दार उघडं होतं, आणि ती नव्हती. कोनाड्यातलं तिचं खापर तेवढं नव्हतं. ती वर विस्तव मागायला गेली, असं म्हणतात. पहाटे घाटमाथ्यावर जो मोठा तारा चमकतो, त्याला आंबेघोळची माणसं शुक्र म्हणत नाहीत. ठमाईचं खापर म्हणतात.

आता गावात गॅस आला. झोपडीवर पत्रे आले. पण लावणी आटोपली की पोरं-पोरी अजून पाळीपाळीनं तिथं राहतात. पहिल्याच दिवशी चुलीतला विस्तव मुद्दाम विझवतात, आणि खापर घेऊन, भर उजेडी, बायजाच्या वंशजांच्या पुढच्या दारी जाऊन उभी राहतात. काहींचा आवाज फुटत नाही. घरातली माणसं घाई करत नाहीत.

इतर ठिकाणी माणसं एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडतात. आंबेघोळात ते घेऊन येतात. कुणाला हिशेब कळत नसो, कुणाचं पोर आजारी असो, शहरात गेलेल्या कुणाला राहायला जागा मिळत नसो, तो गावातल्या माणसाकडं जातो आणि एवढंच म्हणतो, "खापर घेऊन आलोय."

आणि आतून, मग ते घर आंबेघोळातलं असो की दूर कुठल्या चाळीतलं, बायजाचंच उत्तर येतं.

"आहे की. बस जरा."