विसरकुंडाचं पाणी

एका राज्यात नाणी जड झाली. राज्य कोणतं ते विचारू नका. नाव सांगितलं की तुम्ही म्हणणार, ते तिकडचं झालं, आपल्याला काय त्याचं.

आदल्या दिवशी कनवटीला खुळखुळणारा तांब्याचा पैसा सकाळी भल्या थोरल्या शिळेएवढा जड झाला. जो जिथे होता तिथेच राहिला, कुणाच्या फडताळात, कुणाच्या गल्ल्यात, कुणाच्या उशाखाली. चार गडी लावले तरी हलेना. विणकराकडे कापड होतं पण भाकरी नव्हती. बाजरीवाल्याकडे बाजरी होती पण अंगावर धड धोतर नव्हतं. लोकांनी अदलाबदल करून पाहिली, पण उद्या काय होईल या धास्तीनं जो तो आपलं आहे ते धरून बसला. माल होता, गरज होती, माणसं होती, आणि बाजार बंद होता. लोक आधी हसले, मग भांडले, मग आपापल्या मालासमोर उपाशी बसून राहिले.

गादीवर राणी पद्मसेना होती. बाप वारला तेव्हापासून राज्य तिच्याकडे होतं, आणि तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. कर्तबगार होती, पण दमलेली होती. प्रधान सोमदत्त तिला म्हणाला, "राणीसाहेब, कोठार उघडलं तर धान्य लवकर संपेल. बंद ठेवलं तर माणसं."

"मग काय करावं?"

"असं पूर्वी कधी घडलंच नाही. काय सांगू?"

घडलं नव्हतं, असं त्याला खरोखरच वाटत होतं. त्याचं कारण त्या राज्याची एक रीत. वाईट वर्ष सरलं की सारं राज्य विसरकुंडावर जाई, राजा पुढे, प्रजा मागे. एक बुडी मारली की ते वर्ष पाण्यात राही आणि माणूस कोरडं मन घेऊन वर येई. अंग पुसायचं, नवं नेसायचं, गोडधोड खायचं. आपण काहीतरी धुतलं एवढं आठवे. काय धुतलं ते नाही. मग पुढचं वाईट वर्ष आलं की सगळे असे दचकत, जणू पृथ्वीच्या पाठीवर हे पहिल्यांदाच होतंय. याला ते शहाणपण म्हणत. आता कुणी कशाला शहाणपण म्हणावं हे सांगणारा मी कोण!

अशा वेळी मांत्रिक येतोच. तसा तो आला. डोळे निळे, नाव नीलाक्ष, बोलणं तुपासारखं.

"महाराणी, माझ्याकडे तीन उपाय आहेत. एक फसला तर दुसरा, दुसरा फसला तर तिसरा."

"दक्षिणा?"

"काही नको. संकट सरलं की रीतीप्रमाणे सर्वांनी कुंडस्नान करावं, बस्स."

दरबार खूश झाला. राणीला मात्र ते खटकलं. फुकट काम करणाऱ्यांची तिला नेहमीच भीती वाटे.

"पहिला उपाय सांगा."

"राजवाड्यानं हात आखडता घ्यावा. बांधकामं थांबवा, खरेदी थांबवा, कोठाराला कुलूप घाला. राजाची काटकसर पाहून नाणी लाजतील आणि हलकी होतील."

प्रधानानं मान डोलावली. ऐकायला किती बरं वाटतं नाही? राणीनं मात्र विचाराला वेळ मागितला आणि एकटीच विसरकुंडावर गेली, कारण एरवी तिकडे कुणी फिरकत नसे.

कुंडाच्या पायरीवर एक म्हातारा पाणकावळा ओले पंख पसरून बसला होता. लोक त्याला अशुभ मानत, कारण तो त्या पाण्यात बुड्या मारी आणि तरी काही विसरत नसे. राणीला पाहून तो म्हणाला, "पुन्हा आला वाटतं तो."

"कोण?"

"मांत्रिक. या खेपेला डोळे कुठल्या रंगाचे आहेत?"

"निळे."

"मागच्या खेपेला पिवळे होते. त्याआधी तांबडे, त्याआधी राखाडी. उपाय तेच तीन."

राणी त्याच्याजवळ पायरीवर बसली. "मग त्यांचं काय झालं ते सांग."

"सांगत नाही. सांगून कुणी ऐकत नाही, हे फार पाहिलंय मी. पाणी आणून देतो, प्यायचं तर पी. पण त्यात निवडानिवड चालत नाही. राजाची चूक तेवढी हवी आणि लोकांचं रडणं नको, असं जमत नाही. आणि प्यालेलं पुन्हा कुंडात सोडता येत नाही."

"आण."

पाणकावळ्यानं बुडी मारली आणि तळाचं पाणी चोचीत आणून तिच्या ओंजळीत सोडलं. राणी प्याली. लगेच ती जुन्या काळचा एक राजा झाली, आणि त्याच्या राज्यातलं प्रत्येक माणूसही झाली. त्या राजानं हात आखडता घेतला होता. वाड्यातून सुताराला काम गेलं नाही म्हणून सुतार विणकराकडे गेला नाही, विणकर तेल्याकडे गेला नाही, आणि नाणी लाजायची सोडून इतकी जड झाली की जमिनी फोडून खाली गेली. चुली एकेक करून विझल्या. शेवटी घाबरून राजानं कोठार उघडलं, लोकांना कुंड खणायला लावलं आणि रोजची मजुरी धान्यानं दिली. पोटात अन्न गेलं, हाताला काम लागलं, लोकांची धास्ती कमी झाली, तशी नाणी हलकी होऊ लागली. पण तोवर गावंच्या गावं ओस पडली होती.

"हे कुंड मुळात पाण्यासाठी होतं," पाणकावळा म्हणाला. "विसरायला नंतर वापरलं."

राणी वाड्यात परतली तेव्हा तिच्या केसांत पांढरी बट होती. नीलाक्षाला ती म्हणाली, "हा उपाय नको. दुसरा सांगा."

"मग मी नवी नाणी पाडतो. पिसासारखी हलकी. हवी तेवढी, लागतील तेवढी."

खरं सांगायचं तर राणीला मोह झाला. कुणाला होणार नाही? पण ती उठली आणि पुन्हा कुंडावर गेली. दुसऱ्या पाण्यात दुसरा राजा होता आणि त्याची पिसासारखी नाणी. ती तळहातावरून उडून जात. एका वांग्याला घंगाळभर नाणी पडत, आणि संध्याकाळी घंगाळभर नाण्यांना वांगंही मिळत नसे. जन्मभर पैपै साठवलेल्या म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडल्या तर आत नुसती फुंकर. अखेर तो राजा भर बाजारात आला, पागोटं काढलं आणि म्हणाला, "माझी चूक झाली." ती नाणी त्यानं आपल्या हातानं जाळली. त्या दिवसापासून लोक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू लागले आणि बाजार हळूहळू सावरला. त्यालाही उशीरच झाला होता.

राणी परतली तेव्हा निम्मं डोकं पांढरं झालं होतं आणि चालताना भिंतीचा आधार लागत होता. ती म्हणाली, "हाही नको."

नीलाक्ष हसला. "तिसरा उपाय लोकांना आवडेल. दोष बाहेरच्यांचा आहे. खिंडीतून मीठ आणि औषधं घेऊन तांडे येतात, त्यांच्या बैलांच्या पायांनी हा शाप आला. त्यांना हाकला आणि खिंडीचा दरवाजा दगडांनी चिणून टाका."

दरबारात टाळ्या पडल्या. बाहेर बातमी पसरली आणि लोक दगड घेऊन खिंडीकडे निघालेसुद्धा. उपाशी माणसाला भाकरी देता येत नसली की बोट दाखवायला कुणीतरी द्यावं लागतं.

राणी धडपडत कुंडावर गेली. या वेळी मात्र पाणकावळा जागचा हलला नाही.

"हे नको पिऊस."

"का?"

"हे तुझ्या घरचं आहे."

"आण," राणी म्हणाली.

तिसऱ्या पाण्यात तिचा बाप होता. त्यानं तांडे हाकलले होते, दरवाजा चिणला होता, आणि प्रजेनं त्याचा जयजयकार केला होता. मग मीठ संपलं, मग औषधं संपली. वाड्यात एक लहान मुलगा तापानं फणफणला होता. त्याच्या उशाशी एक मुलगी त्याचा हात धरून बसली होती, आणि ती मुलगी पद्मसेनाच होती. मुलगा तिचा धाकटा भाऊ होता. आपल्याला भाऊ होता हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

औषधाची मुळी खिंडीपलीकडे तांड्यात होती. राजानं दरवाजा उघडायला माणसं धाडली, मग त्यांना बाजूला सारून स्वतःच दगड उपसू लागला. त्याची नखं निघाली. माणूस जाईल एवढी वाट झाली तेव्हा वाड्यातून निरोप आला की आता घाई नको.

तांडे परत आले, वर्ष सरलं. राजानं स्वतः पुढे होऊन सगळ्यांना कुंडावर नेलं. राणीची आई यायला तयार नव्हती. मुलाची कुंची मुठीत धरून ती पायरीवर अडून बसली होती. राजानं तिला हाताला धरून पाण्यात उतरवलं. ती वर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. मूठ उघडून तिनं विचारलं, "ही कुंची कुणाची?"

पद्मसेना कुंडाच्या पायरीवर खूप रडली. मग म्हणाली, "बाबा मूर्ख नव्हते."

"तिघांतला एकही मूर्ख नव्हता," पाणकावळा म्हणाला. "बरोबर काय ते तिघांनाही कळलं होतं. कळलेलं मागे ठेवलं नाही, एवढंच."

राणी उठली. केस सगळे पांढरे झाले होते. ती थेट खिंडीत गेली आणि दगड घेतलेले लोक आणि तांडा यांच्या मध्ये उभी राहिली. तांड्याची म्हातारी नाईकीण पुढे आली.

"आजी, माझ्या बापानं तुम्हांला हाकललं होतं," राणी म्हणाली.

"आम्हांला आठवतंय, राणीसाहेब. आम्ही तुमच्या कुंडात न्हालो नव्हतो."

"तरी परत आलात?"

"पोरं मरत होती. मीठ काय, कुणाचंही तोंड बघून खारट होत नाही."

लोकांच्या हातांतले दगड खाली गेले. राणीनं दरवाजा उघडा ठेवला. कोठार उघडलं. पाट, रस्ते, पार, जे मोडकं होतं ते दुरुस्तीला काढलं आणि मजुरी धान्यानं दिली. मग ती भर बाजारात उभी राहिली आणि कोठारात किती आहे, किती नाही, आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे सगळं खरं सांगून टाकलं. नाणी काही चुटकीसरशी हलकी झाली नाहीत. थोडी हलकी होत, मग कुठूनतरी अफवा येई आणि पुन्हा जमिनीला चिकटत. मग राणी पुन्हा बाजारात जाई आणि तेच पुन्हा सांगे. तिच्या पायांना सूज आली, घसा बसला. ती सांगत राहिली. एके दिवशी एका तेलिणीनं सहज दोन बोटांनी पैसा उचलला, मीठ घेतलं आणि मग तिच्या लक्षात आलं. ती तिथेच बसून हसत सुटली.

वर्ष सरलं. नीलाक्ष दक्षिणेसाठी हजर झाला. रीतीप्रमाणे सारं राज्य पंचे घेऊन कुंडावर जमलं.

"मी बुडी मारणार नाही," राणी म्हणाली. "तुम्हीही मारू नये."

गर्दीत चुळबुळ झाली. भैरू नावाचा विणकर पुढे आला. त्या वर्षी त्याचा बाप गेला होता. "राणीसाहेब, तुम्ही आम्हांला जगवलंत, उपकार आहेत. पण दुःख आमचं आहे. धुवायचं का ठेवायचं, हे तुम्ही कोण सांगणार?"

माणूस खोटं बोलत नव्हता. राणी म्हणाली, "खरं आहे. मी कुणाला अडवत नाही. या पाण्यात काय आहे तेवढं सांगते, मग ज्याला बुडी मारायची त्यानं मारावी."

हे पाणी प्यालं की धुतलेलं परत येतं, हे तिनं सांगितलं. मग पहिल्या वर्षाचं सांगितलं. दुसऱ्याचं सांगितलं. तिसऱ्याशी येऊन ती थांबली, कारण समोर तिची आई उभी होती, हातात धुतलेलं लुगडं घेऊन.

"थांबलीस का, पद्मा?" राजमाता म्हणाल्या. "तिसऱ्या वर्षी काय झालं?"

"आईसाहेब, तुम्हांला एक मुलगा होता."

"मला मुलगा नव्हता."

"होता. मी त्याचा हात धरला होता."

राजमाता लेकीच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिल्या. नीलाक्ष पुढे होऊन गोड आवाजात म्हणाला, "महाराणी, म्हाताऱ्या जिवाला कशाला यातना?"

राणीचं मन तिथे कच्चं पडलं. ती म्हणाली, "आईसाहेब, नका पिऊ. मी आहे ना लक्षात ठेवायला. त्याचं नाव सांगते, तेवढंच ठेवा."

"नाव सांगू नकोस," राजमाता म्हणाल्या. "परक्याकडून कळावं असं ते नाही. आणि या बाबतीत, बाई, तूही परकीच."

त्यांनी लुगडं पायरीवर ठेवलं आणि ओंजळ पुढे केली. पाणकावळ्यानं न सांगता बुडी मारली. राजमाता पाणी प्याल्या. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मागच्या रांगेतल्या बायांनी आपापली पोरं जवळ ओढली.

"मंदार," त्या म्हणाल्या. "माझा मंदार."

भैरूनं पंचा खांद्यावर टाकला. तो पायऱ्या उतरला, पण आत शिरला नाही. वाकून त्यानं ओंजळ भरली आणि पाणी प्याला. त्याच्यामागे तेलीण उतरली, मग कुंभार, मग प्रधान सोमदत्त. त्या दिवशी कुंडावर एकच रडारड झाली, आणि बुडी कुणीच मारली नाही. नीलाक्षाच्या डोळ्यांतला निळा रंग ओसरला, पिवळा ओसरला, तांबडा ओसरला, राखाडी ओसरला. उरलं ते एक रिकामं कफनीचं बोचकं. कुणीतरी ते पोतेऱ्याला नेलं. विसरण्याचा शाप फिटला. पुढे वाईट वर्षं आलीच, पण ती आली की लोक दचकत नसत, कामाला लागत.

संध्याकाळ होईतो राजमाता पायरीवर बसून होत्या. पद्मसेना शेजारी जाऊन बसली. आईनं तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "शेवटी तो काही बोलला का गं?"

"पाणी मागितलं होतं. मी दिलं."

"दिलंस ना? बरं झालं," आई म्हणाली, आणि मग दोघी रडल्या.

कहाणी इथे संपली. ध्यानात राहिली तर ठेवा. नाही राहिली तर मला पुन्हा सांगावी लागेल, आणि मी फार थकलोय.