देशमुखांच्या अंगणात आलेली उंबराची सावली

डोंगराच्या कुशीतल्या कुंभेरी गावी उंबरनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. ओढ्यापलीकडे देवराई होती आणि तिच्या तोंडाशी एक जुना उंबर. महाराज त्याच्या बुंध्याशी बसत. वर पानं हलत, खाली पाणी वाहे, आणि येणाऱ्याला कळेना, आपण जागे आहोत की झोपेत.

गावचा न्हावी सटवाजी. हात इतका हलका, की माणसं वस्तऱ्याखाली डुलक्या घेत. आणि न्हाव्यापुढे मान खाली घातली की माणूस बोलू लागतो, हे काय सांगायला हवं? सटवाजी सगळं ऐके आणि पोटात ठेवी. पण गेल्या साली साथ आली. घरोघरच्या माणसांचं दहाव्याचं मुंडन त्यानंच केलं. रडत बसलेली माणसं उठताना आपलं दुःख त्याच्यापाशी ठेवून जात. होता होता त्याची झोप उडाली, आणि एके सकाळी हात कापू लागला. न्हाव्याचा हातच गेला, तर उरलं काय?

त्यानं आपली वस्तरा-कात्रीची धोकटी महाराजांच्या पायाशी ठेवली. महाराज म्हणाले, "काम आटोपलं की देवराईत येऊन बसत जा. काही करू नकोस."

पहिल्याच दिवशी पठ्ठ्यानं काय करावं? एका खोडावर वेल अस्ताव्यस्त लोंबत होती. बघवेना त्याला. कात्री काढली आणि लागला कातरायला. देवराईत काडीही मोडायची नाही, असा गावाचा नेम!

महाराज पोट धरून हसले. "अरे, इथं कुणी तुझ्यापुढे मान घालून बसलेलं नाही. धोकटी माझ्यापाशी ठेव आणि मग आत जा."

मग सटवाजी रिकाम्या हातांनी बसू लागला. ऊन पानांतून गळे, पाखरू बोले आणि गप्प होई. एकदा तो ओढ्याकाठी पोटभर रडला, आणि त्या रात्री त्याला झोप लागली. देवराईत हात स्थिर राही. गावात वस्तरा धरला की मात्र पुन्हा थरथरे.

रायाजीराव देशमुखांनी चावडीवर त्याला गाठलं. "काय रे, झाडं बघून हात बरा होतो होय? उद्या म्हणशील, ओढा दाढी करतो." सगळे हसले. देशमुखांनी नातवाच्या जावळासाठी परगावचा न्हावी बोलावला. सटवाजी मान खाली घालून घरी गेला. त्याला फार लागलं होतं.

जावळाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसलेल्या पोरानं परक्या माणसाला पाहून असा टाहो फोडला, की त्या न्हाव्यानं हात टेकले. मुहूर्त टळू लागला. देशमुखीणबाईंनी सटवाजीला बोलावणं धाडलं.

"हात हलला, तर या गावात पुन्हा वस्तरा धरायचा नाही," देशमुख म्हणाले.

सटवाजीनं वस्तरा उचलला. पातं थरथरलं. त्यानं डोळे मिटले आणि मनात म्हणाला, 'महाराज, लेकराला जपा.'

आणि भर दुपारी, एकही झाड नसलेल्या त्या अंगणात सावली उतरली. गार, हलती, पानापानांची. कुठूनसा पाण्याचा आवाज येऊ लागला. पोर वर बघत हसलं आणि मामाच्या छातीला टेकून झोपी गेलं. सटवाजीचा हात पाण्यावरून पान जावं तसा फिरला. मऊ जावळ ओंजळीत आलं, लेकराला ओरखडाही नाही.

देशमुखांनी वर पाहिलं. स्वच्छ आभाळ, आणि पायांशी उंबराच्या पानांची सावली. ते अनवाणीच देवराईकडे धावले, आणि मागोमाग सटवाजी.

उंबर पानांनी भरलेला होता, पण खाली सावलीचा ठिपकाही नव्हता. महाराज रणरणत्या उन्हात घामानं निथळत बसले होते.

"आमची सावली जरा कामाला गेलीय," महाराज म्हणाले. "येईल."

देशमुख त्यांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "रायाजी, साथीत तुझा थोरला भाऊ गेला तेव्हा तू कुणाच्या वस्तऱ्याखाली रडलास? तुझं ते रडं यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते वाहून वाहूनच याचा हात कापू लागला."

देशमुखांच्या डोळ्यांना धार लागली. ते वळले आणि त्यांनी सटवाजीपुढे, न्हाव्यापुढे घालतात तशी, मान खाली घातली. सटवाजीनं त्या डोक्यावर हात ठेवला. तो हात स्थिर होता, आणि उंबराची सावली हळूहळू तिघांवर परत येत होती.