नदीकडची बाजू

"म्हणजे एकसुद्धा फोटो नाही तुमच्याकडे?"

"नाही."

"चौतीस वर्षं रुळांवर काढलीत, काका. एकही नाही?"

"दोन्ही हात अडकलेले असायचे," केणीकाका म्हणाले आणि घेवड्याच्या वेलाला पाणी घालत राहिले.

शार्दूल हर्डीकर कॅल्गरीहून सात तास गाडी चालवत आला होता, तो हे ऐकायला नव्हे.

यशवंत केणी मूळचे रेवदंड्याचे. एकाहत्तर साली कॅनडात आले, पश्चिमेच्या डोंगरांत रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. बरोबरच्यांनी केणीचं केनी केलं, तेही त्यांनी चालवून घेतलं. थॉम्पसन नदीच्या काठी, कोरड्या पिवळ्या टेकड्यांच्या कुशीत केल्विन फ्लॅट नावाची चाळीस-पन्नास घरांची वस्ती आहे. तिथलं शेवटचं घर त्यांचं. परसबाग संपते तिथे रेल्वेचं कुंपण सुरू होतं.

शार्दूल मिरजेचा. लहानपणी जंक्शनच्या पुलावर उभं राहून गाड्या मोजायचा, आणि ते वेड त्याने समुद्रापलीकडे जपून आणलं होतं. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियातल्या चारएकशे रेल्वेवेड्यांचा एक गट होता. कुठे, किती वाजता, कुठलं इंजिन दिसलं, ते सगळे एकमेकांना कळवायचे. त्यात शार्दूलच्या नोंदी नऊ हजार सहाशेच्या वर. नुसत्या भोंग्यावरून तो इंजिनाची जात सांगायचा. दुसऱ्याचं चुकलं की तासाभरात दुरुस्त करायचा, सगळ्यांसमोर. रेव्हलस्टोकच्या एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा आठाच्या जागी तीन लिहिलं होतं. त्या नंतर गटात फिरकल्याच नाहीत.

गट चालवणारा गृहस्थ आता दूर पूर्वेकडे राहायला निघाला होता. त्याची जागा आपल्यालाच मिळावी असं शार्दूलला वाटत होतं, आणि ते चूकही नव्हतं. त्याच्याइतकं माहीत असलेला दुसरा कोणी नव्हता. पण जुनी मंडळी म्हणाली, "केनीला भेटून ये. गाड्या बघायला आम्ही त्याच्याकडूनच शिकलो. तो हो म्हणाला तर आमचं काही म्हणणं नाही."

म्हणून तो आला होता.

"काका, माझी परीक्षा घ्या."

"कसली?"

"कसलीही. विचारा काहीही."

केणीकाकांनी नळ बंद केला. "मला प्रश्न येत नाहीत रे. तूच सांग काहीतरी."

मग शार्दूलने सांगितलं. या खोऱ्यात नदीच्या दोन्ही काठांनी दोन कंपन्यांचे रूळ जातात, पण दोघींनी आपसांत ठरवून घेतलंय. समुद्राकडे जाणारी गाडी कोणाचीही असो, ती एका काठाने जायची आणि परतणारी दुसऱ्या काठाने. तिकडे रॉकी पर्वतात चढ इतका उभा की बोगदाच डोंगराच्या पोटात गोल फिरवलाय; लांब गाडी असेल तर तिचं तोंड तिच्याच शेपटीच्या वरून जाताना दिसतं. ते बोगदे कधी खोदले, कुठल्या वळणाला किती अंश… तो अर्धा तास बोलला. एक आकडा चुकला नाही.

"बरंच माहीत आहे तुला," केणीकाका म्हणाले.

"मग?"

"मग काय… चहा घेतोस?"

चहा झाला. शार्दूलने घड्याळ पाहिलं. आज तो आणखी एका कारणाने आला होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगांत रंगवलेलं एक इंजिन, गर्द हिरवं आणि त्यावर पिवळा पट्टा, धान्याची गाडी घेऊन या बाजूने येणार होतं. आख्ख्या गटात ते इकडे कोणालाच सापडलेलं नव्हतं. त्याच्या हिशेबाने ते पाऊण वाजता केल्विन फ्लॅटला पोचायला हवं होतं.

"चला, दोघं बघू," केणीकाका म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

वस्तीतून नदीकडे उतरणारा रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे फाटक होतं. ऊन रणरणत होतं. सहा आठवड्यांत पाऊस नव्हता. दोन्ही अंगांना गुडघाभर गवत वाळून कोळ झालं होतं.

"तू पलीकडे जा, नदीकडच्या बाजूला," केणीकाका म्हणाले. "मी इथे उभा राहतो."

"तिकडून उजेड चांगला आहे. बरं झालं."

"गाडी बघ."

"हो."

"संपेपर्यंत."

शार्दूल हसला. हे काय सांगायचं झालं?

रेल्वेत एक रीत आहे. रुळांजवळ काम करणाऱ्या माणसाने गाडी आली की काम थांबवायचं, शक्य असेल तर दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आणि शेवटचं चाक जाईपर्यंत गाडी पाहायची. काही लोंबकळतंय का, कुठे धूर आहे का, एखादं चाक फिरायचं सोडून घासतंय का. केणीकाकांनी हे चौतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावरही दिवसा घरामागून गाडी गेली की ते हातातलं टाकून उठायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

यातलं काहीही ते शार्दूलला बोलले नाहीत.

पाऊण वाजता वळणाआडून भोंगा ऐकू आला. फाटकाचे दांडे खाली आले, घंटा वाजू लागली. आणि ते आलं… हिरवं, पिवळ्या पट्ट्याचं, नुकतंच धुतल्यासारखं लखलखीत. अंगावर आकडा, तेहेतीसशे सोळा! त्याने एका दमात चौदा फोटो घेतले. चालकाच्या खिडकीवर ऊन अगदी हवं तसं पडलं होतं.

इंजिनामागोमाग डबे सुरू झाले. करडे, तांबूस, पुन्हा करडे. तो तिसापर्यंत मोजत राहिला. मग त्याने मान खाली घातली, चौदातला सगळ्यांत चांगला फोटो निवडला आणि गटावर टाकला. 'केल्विन फ्लॅट, बारा पंचेचाळीस. अखेर सापडलं!'

मिनिटभरात उत्तरं यायला लागली. कोणी टाळ्या, कोणी तोंडात बोटं. एडमंटनच्या एकाने लिहिलं, 'तुला गाठणं शक्य नाही बुवा.' शार्दूल वाचत होता. कानांवर चाकांची धडधड पडत होती, आणि मधूनच काहीतरी करपल्याचा वास आला. त्याला वाटलं, कोणाच्या तरी अंगणात मांस भाजत असतील.

शेवटी गाडीला मागून रेटणारं इंजिन गेलं. दांडे वर झाले.

केणीकाका पलीकडे फाटकाच्या खांबापाशी उभे होते. तिथल्या निळ्या पाटीवर आणीबाणीचा फोन नंबर लिहिलेला असतो. ते कानाला फोन लावून बोलत होते. त्यांनी पाटीवरचा फाटकाचा क्रमांक वाचून दाखवला. मग फोन छातीशी धरून हाक मारली.

"शार्दूल, कितवा डबा?"

"काय?"

"ब्रेक आवळलेला. वास आला मला, पण माझ्या अंगाला सगळी चाकं ठीक होती. तुझ्या बाजूला असणार. कितवा?"

शार्दूलने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"पुढच्या अर्ध्यात की मागच्या?"

शार्दूलने नकारार्थी मान हलवली.

"बरं," केणीकाका म्हणाले आणि पुन्हा फोन कानाला लावला. "डबा सांगता येत नाही. नदीकडची बाजू. गाडी थांबवा."

"काका, पुढे वीस किलोमीटरवर रुळांशेजारी यंत्र बसवलंय," शार्दूल घाईने म्हणाला. "तापलेलं चाक ते आपोआप पकडतं. मला माहीत आहे."

"वीस किलोमीटर गवत आहे," केणीकाका म्हणाले.

आणि तेवढ्यात त्यांनी बोट दाखवलं. फाटकापासून दीडशे पावलांवर, नदीकडच्या अंगाला, गवतातून धुराची बारीक दोरी वर चढत होती.

शार्दूल धावला. गाडीच्या डिकीत त्याची बर्फाची पेटी होती, पाण्याच्या बाटल्या होत्या. काका घरातून फावडं आणि भिजवलेलं पोतं घेऊन आले. त्या वयात ते कसे पळाले कोण जाणे. आग चटईएवढी होती, पण वारा ठिणग्या रुळांपलीकडच्या टेकडीकडे उडवत होता, आणि टेकडीवर घरं होती. शार्दूलने बर्फासकट पेटी उपडी केली. मग पोत्याने झोडपत राहिला. बुटाचा तळ चिकट झाला, भुवया पोळल्या. दहा मिनिटांनी काळा डाग उरला, आणि त्यातून येणारी वाफ.

दोघं तिथेच बसले.

गाडी तीन किलोमीटरवर जाऊन थांबली होती. शेपूट लांबवर दिसत होतं. मालगाडीवर दोनच माणसं असतात, चालक आणि कंडक्टर. चालक जागेवरून हलत नाही. कंडक्टरने उतरायचं आणि चालत पाहणी करायची.

"किती डबे होते?" काकांनी विचारलं.

"अशा गाडीला साधारण दीडशे असतात."

"साधारण…" काका म्हणाले.

शार्दूलने मान खाली घातली.

रुळांना समांतर एक कच्चा रस्ता जात होता. त्याच्या गाडीतून दोघं तिकडे गेले. कुंपणापलीकडे नारिंगी जॅकेट घातलेली एक तरुण बाई, गाडीची कंडक्टर, इंजिनाकडून गाडीच्या कडेकडेने येत होती. प्रत्येक चाकापाशी वाकायची, हाताचा पालथा पंजा जवळ न्यायची, पुढे सरकायची. खडीवर पाय मुरगळत होते. उन्हाने चेहरा लाल झाला होता.

"केनी!" तिने ओळखलं. "तूच फोन केलास होय? डबा कळला असता तर बरं झालं असतं रे. आता सगळी गाडी चालत तपासावी लागतेय."

"मी दुसऱ्या बाजूला होतो, लॉरेन."

तिने शार्दूलकडे पाहिलं. गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा. "आणि या बाजूला?"

काका कुंपणाच्या तारेवर हात ठेवून उभे राहिले.

त्याला सांगता आलं असतं की धूळ फार होती. गाडी वेगात होती, तेही खरं होतं. लॉरेनने मानलं असतं.

"या बाजूला मी होतो," शार्दूल म्हणाला. "मी पाहत नव्हतो."

लॉरेनने मान हलवली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि पुढच्या चाकाकडे वळली. तिला रागवायलाही वेळ नव्हता.

शार्दूल परत गाडीत बसला नाही. ती कुंपणापलीकडून चालत होती, तो अलीकडून कच्च्या रस्त्याने, तिच्या बरोबरीने. दोनदा त्याने तिला तारेवरून पाणी दिलं. खिशातला फोन सारखा थरथरत होता. त्याने तो काढला नाही. त्रेचाळिसाव्या डब्यापाशी तिने हात झटक्याने मागे घेतला. चाक तापून निळसर पडलं होतं. तिने ब्रेक सोडवला, वही काढून काहीतरी लिहिलं, रेडिओवर बोलली.

पाऊण तासाने गाडी हळूहळू समुद्राकडे निघून गेली.

परतताना शार्दूलने विचारलं, "ती नोंद काढून टाकू का मी?"

"कशाला? इंजिन पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग खोटं कुठे आहे?"

"पण काका… त्रेचाळिसावा म्हणजे मी मान खाली घातली त्यानंतर तेरावाच डबा."

घरी आल्यावर काकांनी पोतं धुऊन वाळत घातलं, पोळलेल्या भुवयांना लावायला खोबरेल दिलं आणि आमटी-भात वाढला. गटाचा विषय दोघांनीही काढला नाही.

साडेचारला पुन्हा भोंगा ऐकू आला.

शार्दूल उठला. कॅमेरा आणि फोन टेबलावर ठेवले, काकांकडे पाहिलं आणि एकटाच फाटकाकडे गेला. नदीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. काका आपल्या जागी येऊन थांबले.

गाडी आली. शार्दूलने नजर चाकांच्या उंचीवर ठेवली आणि तिथून हलवली नाही. डोळ्यांत धूळ गेली तरी पापणी मिटली नाही. मालाच्या मोठ्या पेट्या एकावर एक रचलेले डबे होते. नव्वद… शंभर… एकशे बारा. शेवटचं चाक गेलं, दांडे वर झाले, तरी तो क्षणभर तसाच उभा होता.

मग रूळ ओलांडून अलीकडे आला. चेहऱ्यावर घाम होता, आणि बऱ्याच वेळाने थोडं समाधान.

"एकशे बारा डबे, काका. सगळी चाकं फिरत होती. एकाहत्तराव्याला एक पट्टा सुटून लोंबतोय, रुळाला टेकत नाही. धूर नाही, वास नाही."

"कळवलं पाहिजे पट्ट्याचं," केणीकाका म्हणाले आणि खांबावरच्या निळ्या पाटीकडे वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले. "इंजिन कुठलं होतं?"

"इंजिन?" शार्दूलने मान वर केली. आवाज जरा चढला. "इंजिनाकडे मी पाहिलंसुद्धा नाही!"

केणीकाकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"इंजिनालाही चाकं असतात," ते म्हणाले.