धोंडाक्काचा बांधाचा वर्ग

एका डोंगराच्या कुशीत एक जंगल होतं. जंगलात झाडं होती, झाडांवर फलक होते आणि फलकांवर सिंहमहाराज होते. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची आणि सिंहमहाराज बिनविरोध निवडून यायचे, कारण विरोधात अर्ज भरायला गुहेत गेलेला उमेदवार परत बाहेर यायचा नाही.

तरुण जनावरांना कामच नव्हतं असं म्हणता येणार नाही. मिरवणुकीत ओरडायचं काम होतं. रेवती नावाची तरुण मुंगसीण त्यात पटाईत. "सिंहमहाराजांचा" असं ती ओरडली की दरीपलीकडून "विजय असो" यायचं. मिरवणुकीनंतर एक अंडं मिळायचं आणि घसा आठवडाभर बसायचा.

"झाला का गं त्यांचा विजय?" आई विचारायची.

"झाला."

"आता तुझं काय?"

यावर रेवती घसा बसल्याचं निमित्त करायची.

तलावाच्या खालच्या अंगाला धोंडाक्का नावाची म्हातारी घूस राहायची. उभं आयुष्य तिनं बांध पोखरण्यात घालवलं होतं. म्हातारपणी दात पडले, तेव्हा तिनं आपल्या बिळात तरुणांसाठी वर्ग काढला, बांधाच्या दुरुस्तीचा. शेजारपाजाऱ्यांनी हातभार लावला. सुतारपक्ष्यानं मेखा तासून दिल्या, कुंभारमाशी माती मळायला शिकवायला आली आणि सशांनी दुपारच्या जेवणाची जबाबदारी घेतली.

"अक्का, तुम्ही बांध दुरुस्त करायला शिकवणार?" आईनं वर्गाला धाडलेल्या रेवतीला हसू आवरेना.

"का गं? बांध कुठनं फुटतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

सरावाला घेतलेल्या ओढ्याच्या छोट्या बांधात रेवतीनं बुजवलेलं पहिलं भगदाड ती "झालं!" म्हणेपर्यंतच टिकलं. पाण्यानं तिला चिखलासकट खाली नेलं. "तोंडानं नको बुजवू," धोंडाक्का वरून ओरडली, "हातानं बुजव!" तिसऱ्या आठवड्यात मात्र भगदाड बुजलं ते बुजलंच. पलीकडची कोरडी जमीन बघत रेवती दुपारभर बसून राहिली. कोरड्या जमिनीकडे बघून कुणी एवढं खूश झाल्याचं जंगलात पूर्वी ऐकलं नव्हतं.

पुढच्या मिरवणुकीला दोनच पोपट आले. बाकी सगळे वर्गात होते. कौशल्यमंत्री कोल्हेसाहेबांना तरुणांची फार काळजी वाटू लागली. त्यांनी योजना जाहीर केली, 'प्रत्येक शेपटीला काम'.

"आम्हाला शेपटीच नाही," एक बेडूक म्हणाला.

"तुमचा विचार दुसऱ्या टप्प्यात," कोल्हेसाहेब म्हणाले.

महाकौशल्य केंद्राचं उद्घाटन सकाळी झालं, प्रशिक्षण जेवणाच्या सुट्टीत झालं आणि संध्याकाळी चारशे जणांना प्रमाणपत्रं मिळाली. कासवाला धावण्याचं मिळालं, अजगराला पायी गस्त घालण्याचं. बांधकामाचं प्रमाणपत्र नव्वद माकडांना मिळालं. धोंडाक्काचा वर्ग नोंदणीकृत नव्हता, म्हणून एका गाढव कारकुनानं बिळाच्या दाराला सील ठोकलं. बिळाला सात दारं होती. हुकमात 'दार' असं एकवचनी लिहिलेलं असल्यानं त्यानं एकालाच ठोकलं. वर्ग दुसऱ्या दारानं सुरू राहिला.

आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तलावाच्या बांधाला भगदाड पडलं. सगळ्या जंगलाचं चार महिन्यांचं पाणी भसाभस ओढ्यात चाललं. कोल्हेसाहेबांनी तातडीनं नव्वद प्रमाणित माकडांना बोलावलं. माकडं आली आणि बांधावर ओळीत उभी राहून हारांची वाट बघू लागली. त्यांना तेवढंच शिकवलं होतं. त्यांच्या वजनानं भगदाड हातभर वाढलं.

रेवती आपल्या वर्गासकट धावत आली. कोल्हेसाहेब आडवे आले. "प्रमाणपत्र आहे का?"

मंत्र्याशी ती आजवर घोषणेतच बोलली होती. "नाही साहेब," ती म्हणाली. "पण पाणी कुठं विचारतंय?"

पाणी पिऊन बसलेल्या म्हशी हसल्या, मग हरणं हसली. कोल्हेसाहेबांना बाजूला व्हावंच लागलं. साळिंदरांनी मेखा ठोकल्या, खारींनी फांद्या ओढल्या, रेवती भगदाडात उतरून गळाभर पाण्यात माती दाबत राहिली. काठावरून धोंडाक्का सांगत होती, "उजवीकडं! मी असते तर तिथनंच पोखरला असता!" ऊन उतरेपर्यंत पाणी थांबलं. रेवती वर आली तेव्हा चिखलातून नुसते डोळे दिसत होते. आईनं ते बरोबर ओळखले आणि सगळ्यांदेखत तिला चाटून काढलं.

सिंहमहाराजांनी भाषणात सांगितलं, की हे आमच्या योजनेचं यश आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो रिवाजच होता. पण दुसऱ्या दिवशी खालच्या तीन जंगलांतून आपापल्या बांधांची गाऱ्हाणी घेऊन जनावरं आली, आणि त्यांनी केंद्राचा पत्ता न विचारता रेवतीचा विचारला. पावसाळ्यापर्यंत तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या हाताला काम होतं.

एका दुपारी कोल्हेसाहेब सातव्या दारानं धोंडाक्काच्या बिळात शिरले. सोबत त्यांचं पिल्लू होतं.

"अक्का, याला तुमच्या वर्गात घ्या."

"तुमचं एवढं मोठं केंद्र हाय की. तिथं घाला."

कोल्हेसाहेबांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्यात राजकारण कशाला?"