खळ्यावरच्या कुत्र्याची कहाणी

ऐका भैरवनाथा, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराबाहेर कुंभारवाडा. तिथं सगुणा नावाची कुंभारीण नवऱ्यासंगं राहायची. पाण्याला जाता-येता वाटेत वतनदाराचं खळं लागे. मळणी झाली, धान्य गेलं, माणसं गेली. राखणीचा कुत्रा तेवढा साखळीला राहिला. बरगड्या वर आल्या, साखळी मानेत रुतली. खुंट्याभोवती तो फिरे, फिरे, आणि पुन्हा तिथंच येई. सगुणा बघे, पदर तोंडाला लावी, म्हणे, "दुसऱ्याचं जनावर, आपण काय करावं?" नि पुढं जाई.

पण तिला चैन पडेना. जेवायला बसली, घास उतरेना. माती मळायला बसली, हात चालेना. आडवी झाली, डोळा लागेना. मग ती भैरोबाच्या देवळात गेली. तिथं गुरवीण दिवा लावीत होती. ती म्हणाली, "बाई बाई, अशी कावरीबावरी का?" सगुणेनं सगळं सांगितलं. गुरवीण म्हणाली, "तुला एक वसा सांगते. आधी मुक्याचा घास, मग आपला. भ्यालेल्याला आडोसा द्यावा, जखमेला औषध करावं. बरा झाला की माझा म्हणून अडकवू नये. त्याचा जीव रमेल तिथं पोचवावा. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

मग सगुणा वतनदाराकडं गेली. तो म्हणाला, "खळं उठलं, त्याचं काम सरलं. न्यायचा तर ने." तिनं साखळी सोडवली, कुत्र्याला उचलून घरी आणलं. मानेला हळद-तेल लावलं, कण्या शिजवून पुढं ठेवल्या. पहिल्यांदा तो गुरगुरला. दुसऱ्यांदा तिची पाठ वळल्यावर खाल्लं. तिसऱ्यांदा तिच्या पावलावर हनुवटी टेकून निजला. तिनं त्याचं नाव तांबू ठेवलं.

जखम भरली, अंगावर केस आले. पण मडकी भाजायचा आवा पेटला की तांबू जाळ बघून थरथरे, रानात पळे. सगुणा हाका मारीत हिंडे. नवरा म्हणाला, "अगं, आपलं पोट आव्यावर. त्याला इथं सुख नाही. दुसरं घर बघ." सगुणेला ते सोसेना. ती उतली, मातली, वसा विसरली. पुढचा आवा लागला तेव्हा तिनं तांबूला दाव्यानं खांबाशी बांधलं. जाळ चढला. तांबूनं ओढ ओढ ओढलं. मानेची जखम पुन्हा उकलली, दावं रक्तानं भिजलं. सगुणा धावत आली. म्हणाली, "वतनदारानं केलं, तेच मी केलं."

मग तिनं दावं कापलं. मान बरी होऊ दिली, आणि त्याला घेऊन निघाली. वाण्याकडं गेली. वाणी म्हणाला, "कोठारापाशी बांधीन." ती पुढं गेली. पारध्याकडं गेली. पारधी म्हणाला, "डुकरावर सोडीन." ती आणखी पुढं गेली. माळावर बायजा धनगरीण मेंढरं चारीत होती. तिचा राखणीचा कुत्रा म्हातारा होऊन मेला होता. सगुणेनं विचारलं, "ह्याला बांधशील का?"

"मेंढरांमागं फिरणारा कुत्रा बांधून कसं चालेल, बाई?"

बायजा भुईवर बसली. तिनं हाक मारली नाही, हात पुढं केला नाही. तांबू लांबून वास घेत राहिला. एक कोकरू येऊन त्याच्या पोटाला टेकलं. तो हलला नाही. मग तोही खाली बसला. सगुणा निघाली. तो थोडा मागं आला, थांबला, नि कळपाकडं परतला. ती वाटभर रडत गेली.

पुढं थंडी पडली. सगुणेला राहवेना, ती माळावर गेली. तांबू धावत आला, आणि तिच्यावरच भुंकला. वाट अडवून उभा राहिला. बायजा म्हणाली, "अरे, हिला ओळखत नाहीस?"

सगुणा म्हणाली, "भुंकू दे गं. आता त्याला राखायला घर आहे."

आणि तिच्या जिवाची तगमग तिथं निवली.

भैरवनाथ जसा त्या मुक्या जिवाला पावला, सगुणेला पावला, तसा तुम्हां-आम्हां पावो. बांधलेल्याला मोकळीक मिळो, भटकत्याला दार मिळो. साठ उत्तरं होती, पाचांत सांगितली. ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, कहाणी इथं संपूर्ण होवो.