शेताला सांगायचा आकडा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा ढग डोंगरमाथ्यावर उतरून चार-चार दिवस मुक्काम करायचे आणि आता कधी निघणार, असं त्यांना कुणी विचारत नसे.

अशाच एका डोंगरावर एका राजाचा महाल होता. महालापुढे नुसता काळा कातळ. राणी माहेरी फुलांत वाढलेली. इथे आल्यापासून तिचं मन कशात लागत नव्हतं. तिला त्या कातळावर बाग हवी होती. पण माती होती ती पायथ्याच्या सात उंबऱ्यांच्या गावात, आणि तिथेही शेतांत जेमतेम वीतभर. खाली मुरूम.

त्या राज्यात एक रीत होती. शेतातली माती न्यायची, तर आधी शेतापुढे वाकून किती टोपल्या नेणार ते बोलून दाखवायचं. आकडा एकदाच सांगायचा. कमी पडली तरी पुन्हा मागायची नाही, आणि सांगितलेल्यातली एकही टोपली मागे ठेवायची नाही.

राजाचा मोजणीदार भला माणूस, पण घाबरट. त्याने दोरीने कातळाची लांबी-रुंदी मोजली, मातीची खोली सरसकट दोन हात धरली आणि आकडा काढला : एक लाख वीस हजार टोपल्या. कमी पडून फजिती होण्यापेक्षा उरलेली बरी, असं त्याचं म्हणणं. उरलेली माती पावसात दरीत जाईल, हे त्याच्या दोरीला कुठून कळणार?

त्या संध्याकाळी गावात चुली पेटल्या नाहीत. एवढ्या टोपल्या गेल्या तर सगळी शेतं मुरुमापर्यंत खरवडली जाणार होती.

महालात एक म्हातारी माळीण होती, त्याच गावची. तिचंही शेत तिथेच. ती राजाला म्हणाली, "महाराज, मला तीन दिवस द्या. मीही एकदा मोजून बघते."

दुपारी धुकं उतरलं. माळीण कोमट कातळावर आडवी झाली आणि तिचे डोळे मिटले. झोप म्हणावी तर झोप नव्हती. धुक्यातून कुणीतरी हळू बोलत होतं.

"मला चार बोटं पुरेत गं," हरळी म्हणाली. "मी पसरते, खोल जात नाही."

"मला वीतभर," शेवंती म्हणाली.

मग चाफा म्हणाला, "मला दोन हात खोल लागेल. पण माझ्या खड्ड्यापुरतंच."

पायवाटा काहीच बोलल्या नाहीत. त्यांना माती नकोच होती.

माळीण उठली. ज्याचं त्याचं माप तिने वेगवेगळं धरलं आणि बेरीज केली. तेवीस हजार. म्हणजे शेतांची जेमतेम दोन बोटं माती जाणार. गावाला हे कळलं, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला.

पण माळणीचं मन मानेना. कातळात हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल असा एक खळगा होता. तिने त्यात माती भरली. पाच टोपल्या बसल्या. मग तिने वर घागरभर पाणी ओतलं. सकाळी पाहते तो माती खाली बसलेली. खळगा भरायला सहावी टोपली लागली. म्हणजे दर पाच टोपल्यांमागे एक जास्त.

ती कितीतरी वेळ त्या खळग्याशी बसून राहिली. हे तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं.

गावात जाऊन तिने सांगितलं, "सत्तावीस हजार सहाशे लागतील."

"आजी, काल तेवीस म्हणालीस ना?" शेजारीण म्हणाली. "आपल्याच गावाच्या पोटावर पाय देतेस?"

"कमी सांगितली तर मुळं उघडी पडतील, बाई. बाग जळेल आणि आपली माती फुकट जाईल."

राजाने तिचे आधीचा आणि आताचा, असे दोन्ही आकडे ऐकले. मग विचारलं, "आजी, तुमचंही शेत त्यात आहे. मग आकडा वाढवलात कशाला?"

"पाणी घातल्यावर माती बसली, महाराज. मी डोळ्यांनी पाहिलं. आता पाहिलंच नाही असं कसं म्हणू?"

राजा मोजणीदाराकडे वळला. "तुम्ही पाणी घालून पाहिलं होतं?" मोजणीदार आपली दोरी गुंडाळू लागला.

राजाने माळणीचा आकडा घेतला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आपल्या शेतापुढे वाकली आणि तो मोठ्याने बोलली. पहिली टोपली तिच्याच शेतातली गेली.

त्या वर्षी गावात ज्वारी थोडी बुटकी आली, पण सातही घरांना पुरली. वर कातळावर शेवंती फुलली, आणि बागेचं काम संपलं तेव्हा एकही टोपली उरली नव्हती, एकही कमी पडली नव्हती. राणी पहिल्या फुलांची परडी घेऊन स्वतः खाली आली आणि ती तिने शेताच्या बांधावर ठेवली. तेव्हा रागावलेली शेजारीण माळणीचा हात धरून शेजारी उभी होती.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा : भीतीने वाढवलेलं माप आणि मायेने घटवलेलं माप, दोन्ही सारखीच खोटी असतात.