स्विचपाशी उभा असलेला माणूस

"दादा खांबावर होता, तेव्हा खाली स्विचपाशी कोण उभं होतं?" गेनूने हे आंबेखेडच्या वीज कार्यालयातल्या प्रत्येक साहेबाला विचारलं. त्या दिवशी माणसं कमी होती; बंद केलेली लाइन कुणीतरी चालू केली आणि दादा शॉक लागून खांबावरच गेला. चौथी नापास गेनू त्याच्या जागी लागून जेमतेम महिना झाला होता.

अशात कार्यालयाने पगार तपासायला पुण्याहून सल्लागार आणले, राजाध्यक्ष साहेब. सगळ्या वायरमनांना अंगणात गोळा करून ते म्हणाले, "एक जण खांबावर चढतो आणि दुसरा स्विचपाशी नुसता उभा राहतो. या उभं राहण्याचा पगार उद्यापासून बंद."

गेनूने कुणाला न विचारता शिडी आणली आणि तार जोडायची राहिलेल्या समोरच्या खांबाला टेकवली.

"तुमचं खरं असेल साहेब. या खांबाची लाइन मी आत्ताच बंद करून आलोय. वर जाऊन तारेला एकदा हात लावा, मग खुशाल पगार कापा."

सगळे बघत होते, त्यामुळे साहेबांना चढणं भाग पडलं. तिसऱ्या पायरीवर ते थबकले.

"स्विचपाशी कोण आहे रे?"

"कुणी नाही साहेब. त्याचा पगार तुम्ही आत्ताच बंद केलात."

साहेब उतरले आणि अहवालातली ती ओळ त्यांनी स्वतः खोडली.

वायरमनांनी गेनूला खांद्यावर घ्यायचं ठरवलं. "आधी तार जोडा," तो म्हणाला. दोघे खांबावर चढले आणि ते उतरेपर्यंत गेनू स्विचपाशी उभा राहिला.